कानात बसतो, दिवसात बसत नाही

इनामगाव हे नाव पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली, १३० हून अधिक घरं उघडी झाली. या कामाचं वैशिष्ट्य म्हणजे एकच खोल खड्डा खणून थर मोजत बसण्यापेक्षा वस्ती आडवी उलगडली गेली. चूल कुठे होती, धान्य कशात ठेवायचे, कोणाच्या शेजारी कोण राहायचं, हे प्रश्न विचारले गेले. रांजण सुंदर आहे का, हे नंतर. तो कुठे सापडला आणि कशासाठी वापरला, हे आधी.

याच गावात बसून महागड्या इयरफोनबद्दल लिहायचं, तर हीच पद्धत मला बरी वाटते. कारण इयरफोनची बहुतेक परीक्षणं म्हणजे उभा खड्डा असतो. एक माणूस, एक शांत खोली, एक जोडी, आणि मग खोल, अजून खोल. बेस असा, ट्रेबल तसा, 'साउंडस्टेज' अमुक इतका रुंद. सगळं खरंही असतं. पण त्या परीक्षणात दिवस नसतो. एसटी नसते, घाम नसतो, आईची हाक नसते, लोडशेडिंग नसतं.

माझ्याकडे तीन आठवडे लाखाच्या घरातली एक वायरवाली जोडी होती, पुण्यातल्या मित्राची. तिचं नाव देत नाही, कारण जे सांगायचंय ते त्या अख्ख्या वर्गाला लागू आहे. सोबत माझी स्वतःची दोनेक हजारांची, तीही वायरवालीच. या दोघींना घेऊन मी नेहमीचे दिवस काढले. त्यातून झालेलं मत हे असं.

हा रस्त्यासाठी जन्मलाच नाही

कानाच्या भोकात रबराची टोपी घालून बसणाऱ्या या प्रकाराला शौकीन मंडळी 'आयईएम' म्हणतात, म्हणजे इन-इअर मॉनिटर. यातल्या 'मॉनिटर' शब्दाकडे लक्ष द्या. स्टेजवरच्या कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून हे आलं. १९९५ मध्ये जेरी हार्वी या साउंड इंजिनिअरने व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी अशी जोडी बनवली आणि त्यातून 'अल्टिमेट इअर्स' ही कंपनी उभी राहिली. त्याही आधी, १९९१ मध्ये, 'एटिमोटिक' कंपनीची ईआर-४ आली होती. तिचे संस्थापक मीड किलियन श्रवणशास्त्रातले संशोधक. आतला बारकासा 'बॅलन्स्ड आर्मेचर' ड्रायव्हरही कानाच्या मशीनमधून आलेला.

म्हणजे या वस्तूचे आजोळ दोन: दवाखाना आणि स्टेज. दोन्हीकडे माणूस एका जागी असतो आणि बाहेरचा आवाज ही अडचण असते.

रस्त्यासाठी जे बनलं ते वेगळं होतं. १९७९ मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा सोबतचे हेडफोन स्पंजाचे, उघडे होते. बाहेरचं सगळं ऐकू यायचं. वर त्या वॉकमनला नारिंगी रंगाचं एक बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि मशीनमधल्या माइकमधून समोरच्याचं बोलणं कानात यायचं. हेडफोनच्या पिना लावायला भोकंही दोन होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. चाळीस वर्षांनी, २०१९ मध्ये, ॲपलने एअरपॉड्स प्रोमध्ये 'ट्रान्स्परन्सी मोड' दिला तेव्हा जग हरखलं. पण रस्त्यावरच्या माणसाला जग ऐकू यावं लागतं, ही अक्कल पहिल्याच वॉकमनमध्ये होती.

पैसे कशाचे लागतात?

उदाहरण म्हणून सेनहायझरची आयई ९०० घेऊ. २०२१ मध्ये आली, अमेरिकेत किंमत सुमारे १,३०० डॉलर. आत काय? प्रत्येक कानात ७ मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेलं घर, खोक्यात तीन वेगवेगळ्या पिनांच्या तीन वायरी. उलट शुअरच्या २०१३ च्या एसई ८४६ मध्ये प्रत्येक कानात चार-चार ड्रायव्हर. म्हणजे 'ड्रायव्हर जास्त तितकं भारी' हे दुकानातलं गणित चालत नाही. एकाचीही किंमत लाखात जाते, चारांचीही.

मग चांगला आवाज ठरतो कशाने? कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची. बासरीसारखी ती स्वतःच एका सुराला घुमते, ३,००० हर्ट्झच्या आसपास. जन्मापासून आपण सगळं जग त्या घुमाऱ्यासकट ऐकत आलोय. रबराची टोपी लावली की नळीचं तोंड बंद होतं आणि तो घुमारा हरवतो. म्हणून इयरफोन बनवणाऱ्याला तो परत घालावा लागतो. किती घालायचा, बेस किती द्यायचा, वरचे सूर किती उचलायचे, या मोजमापालाच 'ट्यूनिंग' म्हणतात. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक लोकांना ऐकवून बहुतेकांना आवडणारं एक वळण शोधलं. ते छापून आलं, म्हणजे सगळ्यांना मिळालं. आज दोन हजारांची चिनी जोडीसुद्धा त्या वळणाच्या जवळ जाऊ शकते.

२०१७ मध्ये जेरोएन ब्रेबार्त यांनी २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कानाच्या आतले, वरचे, सगळे प्रकार होते. कोणता सूर किती मोठा वाजतो याचा समतोल आणि किंमत यांच्यात त्यांना संबंध सापडला नाही. याचा अर्थ महाग जोडी वाईट असा नाही. किंमत बघून आवाजाचा अंदाज बांधता येत नाही, एवढाच अर्थ आहे. टिकाऊपणा, वायर बदलता येणं, कानात बसायची सोय या गोष्टी त्या अभ्यासात मोजलेल्या नव्हत्या. त्यांना पैसे लागतातच.

तंबोरा ऐकून बघा

आता आवाज. इथं परीक्षणांची उसनी भाषा मला अपुरी पडते. 'साउंडस्टेज' म्हणजे ऑर्केस्ट्रातला कोण कुठे बसलाय ते कळणं. पण भीमसेन जोशींच्या मैफलीत बसायला माणसं किती असतात? तिथं ऐकायचं ते दुसरंच काहीतरी असतं, आणि त्यासाठी आपल्याकडे शब्द आहेत: जवारी, कण, मींड, आस, घुमारा.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी आला की तार उघडते, एका सुरातून अनेक सूर झरायला लागतात. ती जवारी. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं. स्वस्त इयरफोनवर तंबोरा म्हणजे मागे चाललेला एक गुंजारव असतो, फ्रीजच्या आवाजाच्या जरा वर. लाखाच्या जोडीवर चार तारा चार ऐकू आल्या. प्रत्येक तार छेडल्यावर आधी थोडी बंद, मग उमलत जाणारी. खर्जाची तार संपता संपता पुढचा पंचम तिच्यावर कसा येऊन बसतो, तेही. किशोरी आमोणकरांचं 'सहेला रे' ऐकताना एका सुरावरून दुसऱ्यावर जाणारी वाट दिसली. नुसतं पोचणं नाही, वाट. हा फरक खरा आहे. ज्याला तो ऐकू येत नाही त्याने हिणवू नये, आणि ज्याला येतो त्याने मिरवू नये.

तबल्याच्या बायावर तळहात सरकला की आवाज वाकतो. माझ्या दोन हजारांच्या जोडीवर तो वाकलेला कळतो. महाग जोडीवर कातडं ताणलेलं कळतं. लावणीतल्या ढोलकीची थाप तिच्यावर कोरडी आणि टणक येते, शेपूट न ठेवता संपते. 'सैराट'ची गाणी करताना अजय-अतुल यांनी थेट हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. 'याड लागलं'मधल्या व्हायोलिनच्या ताफ्याला अशा जोडीवर खोली येते, मागची आणि पुढची रांग सुटी होते. 'झिंगाट'ला मात्र या जोडीने काहीही जास्त मिळालं नाही. ते गाणं मांडवासाठी आहे, त्याला छातीवर यायचंय. कानातल्या ७ मिलिमीटरच्या पडद्याला छाती कुठून आणणार?

आणखी एक खास मराठी कसोटी. 'चंद्र' आणि 'चांदणं' हे दोन शब्द ऐका. पहिल्यातला च टाळूचा, दुसऱ्यातला दातांचा. ट्रेबल वाजवीपेक्षा उचललेल्या जोडीत दातांचे च, ज आणि सगळे स कानाला टोचतात. तासभर ऑडिओबुक ऐकलं की डोकं दुखतं. ट्यूनिंग नीट असेल तर दोन्ही च वेगळे राहतात आणि कुणीही बोचत नाही. गंमत म्हणजे या परीक्षेत माझी दोन हजारांची जोडी जवळपास बरोबरीने पास झाली. नुसतं बोलणं ऐकायचं असेल तर लाख रुपये वाया आहेत, हे छातीठोक सांगतो.

मग येतो आपला खजिना. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं 'गीतरामायण' घ्या, किंवा कुणीतरी जुन्या कॅसेटवरून यूट्यूबवर चढवलेली एखादी मैफल. आपण जे जीव लावून ऐकतो त्यातलं पुष्कळसं असंच आपल्यापर्यंत आलंय: एकाच माइकवरचं, खरखरीसकट, टेपची गती मधूनच लडखडणारी. महाग जोडी हे सगळं दाखवते. सुरुवातीला राग येतो. मग कळतं, तीच जोडी मैफलीतली 'वा' कुठल्या कोपऱ्यातून आली तेही सांगतेय, गायकाने श्वास कुठे घेतला तेही. पण ते गोड मानायला कान सरावावा लागतो. पहिल्या दिवशी ऐकणारा म्हणेल, माझ्या जुन्या इयरफोनवर हे गाणं बरं होतं. त्याचंही चुकलेलं नसेल.

आणि मग दिवस उजाडतो

आता वस्ती आडवी उलगडू.

सकाळ. वायर शर्टाच्या कॉलरला घासते आणि प्रत्येक घासणं कानात येतं. कान बंद असल्यामुळे स्वतःची पावलं डोक्यात धप्‌धप्‌ वाजतात. भाकरी चावली तर खलबत्ता. हा दोष एका कंपनीचा नाही. कान बंद करणाऱ्या प्रत्येक जोडीत तो कमी-जास्त असतोच, कारण हाडांतून आलेला आवाज बाहेर पडायची वाट आपणच बुजवलेली असते.

फोन. बहुतेक नव्या फोनना गोल पिनेचं भोक नाही. मग डॉंगल आलं. डॉंगल लावलं की चार्जिंगचं भोक अडलं. वायरीला माइक नसेल, आणि महागड्या वायरींना बरेचदा नसतोच, तर फोन आला की जोडी काढा, बोला, परत बसवा. बसवणं म्हणजे वायर कानामागून वळवून, टोपी पिळून, आत सारून. दिवसातून पंधरा फोन येणाऱ्या माणसाने हे करून बघावं.

एसटी. इथं मात्र वायरवाल्या महाग जोडीने मला जिंकलं. शिरूरहून पुण्याला जाताना शिक्रापूर-वाघोलीच्या गर्दीत इंजिनाचा घरघराट सतत असतो. उघड्या इयरफोनवर आपण तो बुडवायला आवाज वाढवत नेतो. टोपी नीट बसली तर बाहेरचं आपोआप कमी होतं आणि गाणं हळू ठेवूनही ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०. रांजणगाव एमआयडीसीत पाळीला जाणारा मुलगा रोज बसमध्ये दोन तास ऐकत असेल, तर टोपी नीट बसणं ही त्याच्यासाठी चैन नाही. त्याचे कान चाळिशीत कसे असतील, त्याचा हा प्रश्न आहे. पण लक्षात घ्या, हा फायदा टोपीचा आहे. तो दोन हजारांतही मिळतो.

घाम आणि धूळ. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावरची बारीक धूळ, पावसाळ्यात ओलसर कान. जाळीत मळ अडकला की एका बाजूचा आवाज खाली जातो आणि माणूस समजतो जोडी बिघडली. मऊ ब्रशने जाळी साफ करणं, टोप्या धुऊन वाळवणं, हे आठवड्याचं काम आहे. लाखाची वस्तू असली की हे करताना हात थरथरतो, एवढाच फरक.

संध्याकाळ. दोन मित्र, एक गाणं, एक कान तुला, एक मला. ही आपल्याकडची जुनी रीत. कानामागे वळवलेल्या, ज्याच्या त्याच्या मापाच्या टोपीच्या जोडीत ती मोडते. सोनीने दोन भोकं दिली होती, आजच्या महागड्या जोडीने एकच कान मान्य केलाय.

आणि रात्र. शिरूर तालुका जुन्नर वन विभागात येतो, आणि उसात बिबट्या आहे हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते, दारं धरायला माणूस अंधारात जातो. रात्री शेतात जाताना मोबाईलवर मोठ्याने गाणी लावा, म्हणजे जनावर आपोआप बाजूला होतं, हा सल्ला इकडे नेहमीचा. विचार करा, फोनचा तो चिरका स्पीकर, ज्याच्यावर बेस नाही, ट्रेबल फाटका, तंबोरा तर नाहीच, तो त्या बांधावर सगळ्यांत योग्य यंत्र आहे. आणि बाहेरचं सगळं बंद करणारी, तंत्राच्या दृष्टीने निर्दोष जोडी ही तिथली सगळ्यांत वाईट वस्तू. गुण तोच. जागा बदलली की तो जिवावर बेततो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या रस्त्यावर, मोटरसायकलवर, हेच लागू.

मग बिनवायरी का नको?

बरेच जण म्हणतील, या सगळ्याला उत्तर आहेच. बिनवायरी घ्या, माइक आहे, बटण दाबलं की बाहेरचं ऐकू येतं, वायर घासत नाही. सोयीपुरतं हे अगदी खरं. रोजच्या धावपळीला ती वायरवालीपेक्षा कैक पटीने बरी. पण तिच्या पोटात नखाएवढी बॅटरी असते. दोन-चार वर्षांत ती थकते आणि बहुतेक जोड्या उघडून ती बदलता येत नाही. पंचवीस हजारांची वस्तू अशी ठरलेल्या दिवशी संपते. वायरवालीची वायर तुटली तर नवी वायर येते, जोडी तीच राहते. 'परवडणं' हा शब्द नुसत्या खरेदीच्या दिवसापुरता वापरू नये.

निकाल

लाखाच्या जोडीचा आवाज चांगला आहे. फसवणूक नाही. मात्र तो फरक शांततेत, बसून, नीट रेकॉर्ड झालेल्या संगीतावरच दिसतो. या तिन्ही गोष्टी एकत्र येण्याचा वेळ माझ्या तीन आठवड्यांत रोज रात्री दहानंतरचा पाऊण तास होता. उरलेल्या सगळ्या दिवसात तिने मला दोन हजारांच्या जोडीहून जास्त काही दिलं नाही. उलट काळजी दिली.

तेव्हा घेणाऱ्याने स्वतःला आधी एक प्रश्न विचारावा: माझ्याकडे रोजचा तो पाऊण तास आहे का? असेल, रियाज करत असाल, गाणं शिकत असाल, ध्वनिमुद्रणाचं काम करत असाल, तर पैसे साठवून घ्या, लाज बाळगू नका. नसेल तर दोन-तीन हजारांत वायर बदलता येणारी जोडी घ्या आणि पहिला आठवडा फक्त टोप्यांवर घालवा. खोक्यातली मधल्या मापाची टोपी सगळ्यांना बसत नाही. डावा आणि उजवा कान एका मापाचे असतीलच असंही नाही. तबल्याचा बाया लावा आणि टोप्या बदलत राहा. ज्या टोपीत तो सगळ्यांत भरीव वाजेल, ती तुमची. टोपी सैल असेल तर लाखाच्या जोडीतूनही बाया गायब होतो, आणि घट्ट बसली तर दोन हजारांची जोडी चकित करते. हा बदल फुकट आहे आणि कुठल्याही महाग वायरीपेक्षा मोठा आहे.

आणि रस्त्यावर, गाडीवर, रात्रीच्या बांधावर दोन्ही कान मोकळे ठेवा. तंबोरा घरी गेल्यावरही ऐकता येतो.